भरल्या गाडीचा कॅम

संयोगितानं आपल्या दिराला बजावून सांगितलं होतं, "विश्वजित, जसा हुता तसाच कॅम बसवायचा. त्यात तुजी अक्कल चालवायची न्हाय."

विश्वजितचं मलकापुरात, रत्नागिरी रस्त्याला गॅरेज होतं. हात चांगला, पण जीव सगळा जीपगाड्यांच्या शर्यतीत. चिखलातनं, धोंड्यांतनं जीप उडवायची आणि तिचा व्हिडिओ मोबाईलवर टाकायचा, हे त्याचं वेड. संयोगिताचा ट्रक म्हणजे दुसऱ्याकडून घेतलेली जुनी सहाचाकी. आधी तो तिचा नवरा विजयसिंह चालवायचा. त्याच्या पाठीचा मणका सरकला, डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलं, तो घरच्या भातशेतीकडं वळला आणि गाडी संयोगितानं हातात घेतली. साखरप्याच्या अंगाला जांभ्याचा चिरा भरायचा, आंबा घाट चढायचा आणि मलकापूर-बांबवड्याच्या बांधकामांवर नेऊन उतरवायचा. बाई ट्रक चालवते म्हणून सुरुवातीला लोक माना वळवून बघायचे. आता चिरा वेळेवर आला का, एवढंच बघायचे.

त्या हंगामात इंजिनात टकटक सुरू झाली. गाडीचा दम गेला. विश्वजितनं इंजिन उघडून कॅमशाफ्ट बाहेर काढला. हा इंजिनाच्या पोटात फिरणारा दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, ते फिरता फिरता व्हॉल्व, म्हणजे हवेच्या झडपा, उघडतात आणि मिटू देतात. त्यातले दोन उंचवटे झिजून पार बसले होते.

"वैनी, एक सांगू का?" विश्वजितचे डोळे चमकले. "माज्या वळकीचा एक जण कॅम उंच घासून देतोय. व्हॉल्व जास्त उघडणार, जास्त वेळ उघडा ऱ्हाणार. गाडी नुसती उडंल बगा. नादखुळा!"

"मला उडवायची न्हाय. मला चढवायची हाय."

"आवं, ताकद वाढली की चढणारच की. तुमास्नी त्यातलं कळंना झालंय."

"मला जेवढं कळतंय तेवढं बास हाय. जसा हुता तसा. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला.

संयोगिता माहेरी भावाच्या वास्तुशांतीला गेली. परत आली तोवर गाडी धुऊन पुसून गॅरेजसमोर उभी होती.

पहिल्याच सकाळी गाडी लवकर सुरू होईना. झाली तर पांढरा धूर ओकायला लागली. जागेवर उभी असताना इंजिन लंगडत होतं, दोन ठोके नीट आणि एक चुकलेला, असं. सपाटीला मात्र जोरात पळत होती. तिनं विश्वजितला फोन केला. "नवा हाय वैनी, बसंल चार खेपांत," तो म्हणाला.

गाडीवर चिरा भरायला-उतरवायला पारूबाई होती. मलकापूरचीच, पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत. विजयसिंहाच्या काळापासून ती या गाडीवर होती. घाटात गाडी थांबली की उडी मारून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा, हे कामही तिनंच आपल्याकडं घेतलं होतं. ती केबिनमध्ये बसली, थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "ताई, गाडीला हीव भरल्यागत, कापरं सुटल्यागत का झालंय ओ?"

"नवा कॅम हाय पारूबाई. बसंल."

विश्वजितचंच वाक्य तिनं पुढं सरकवलं. बांधकामावर गवंडी चिऱ्याची वाट बघत बसले होते. आठवडाभर तिनं गाडी तशीच चालवली. भरलेली असताना घाटात ती आधीपेक्षा जास्त रेस मागत होती. रेस धरून ठेवली तर चढत होती, सोडली की मरगळत होती. संयोगितानं रेस धरून ठेवायची सवय लावून घेतली.

मग एका दुपारी घाटातल्या एका वळणावर समोरनं एसटी उतरली. दोन्ही गाड्यांना एकदम जागा नव्हती. संयोगितानं गाडी थांबवली, एसटी जाऊ दिली आणि पहिल्या गेअरमध्ये क्लच सोडला. जुना कॅम असताना अशी गाडी कुरकुरत का होईना, पण उठायची. या वेळी इंजिन खोकलं, थरथरलं आणि बंद पडलं. इंजिनाबरोबर ब्रेकचा दमही तुटला. हँडब्रेक तिनं दोन्ही हातांनी ओढला, पण मागच्या चिऱ्याच्या वजनानं गाडी हळूहळू मागं सरकायला लागली.

"पारूबाई, ठोकळा!" ती ओरडली. पारूबाई त्याआधीच खाली उतरलेली होती.

ठोकळा लागला. गाडी थांबली. मागनं आलेली किंकाळी संयोगिताला आधी ओळखूच आली नाही. ती उतरून धावली. ठोकळा सरकला होता, पारूबाईनं तो हातानं रेटून धरला होता, आणि डाव्या हाताची दोन बोटं चाक आणि ठोकळ्याच्या मध्ये गेली होती.

मागं थांबलेल्या जीपवाल्यानं त्यांना मलकापुरात पोचवलं. तिथनं कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात. बोटं वाचली नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मधल्या पेरापासनं काढावी लागली.

* * *

घरी विजयसिंह तिची वाट बघत ओट्यावर बसला होता. अपघात आणि विश्वजितच्या कॅमवरचा तिचा संशय, सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, "ब्रेक निकामी झालं म्हणून सांगूया. घरातलं माणूस हाय. पोराचं गॅरेज बसंल."

"कुणाला सांगायचं ब्रेक निकामी झालं?"

"पारूबाईला. लोकास्नी."

संयोगितानं चप्पल तशीच पायात ठेवली. "माज्यासंगट खोटं बोलायला तुमी येणार हाय का तिच्यासमोर? तिच्या हाताकडं बगत बोलणार हाय का?"

नवऱ्याचं ते खोटं सांगायला सुचवणं तिला विश्वजितच्या बिघडवलेल्या कामापेक्षा जास्त झोंबलं. एवढी वर्षं हा माणूस याच गाडीत पारूबाईच्या शेजारी बसून घाट चढला होता.

ट्रक तिनं दिराच्या गॅरेजला लावलाच नाही. दुसऱ्या गाडीला बांधून कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात ओढत नेला. तिथं नागसेनचं इंजिनकामाचं वर्कशॉप होतं. नागसेन साठीच्या घरातला, चष्मा कपाळावर, बोलायला फटकळ. गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायचा, पण गोड बोलायचा नाही. त्यानं इंजिन उघडलं, कॅम काढून टेबलावर ठेवला, उंचवट्यांची मापं घेतली आणि चष्मा खाली ओढला.

"ह्यो कुणी बसिवला?"

"दिरानं."

"शर्यतीच्या गाडीला बसवायचा ह्यो. तुमच्या गाडीला कशाला? ह्यात व्हॉल्व उशिरा मिटतोय. इंजिन जोरात फिरत आसंल तवा चालतंय. हळू फिरताना आत घेतलेली हवा दाबायच्या आधीच परत भाईर जातीया. मग दम कुठला?" त्यानं पिस्टनच्या डोक्यावरची एक चकाकती खूण दाखवली. "आणि हे बगा. व्हॉल्व पिस्टनला टेकलाय. आणखी थोडं चाललं असतं तर इंजिनाचं तुकडं झालं असतं. कॅमवर टेकून व्हॉल्व ढकलणारी टॅपेट तर जुनीच घातल्यात. नव्या कॅमवर झिजलेली टॅपेट. कोण करतंय असलं?"

संयोगितानं तिथनंच विश्वजितला फोन लावला. "उद्यमनगरात ये. आत्ता." त्यानं काही विचारायच्या आत फोन ठेवला.

तो आला. पांढरा शर्ट, केस विंचरलेले, जणू पाहुण्याकडं आला होता. टेबलावरचा कॅम बघितला आणि थबकला.

"ह्यो तूच घातलास?"

"वैनी, मला वाटलं..."

"मी काय सांगितलं हुतं?"

"जसा हुता तसा. पण सपाटीला किती पळत हुती बगितलासा न्हाय का? व्हिडिओ टाकला, लोकं इचारत हुती कुठं केलं काम म्हणून..."

"चिरा सपाटीला निघतोय व्हय रं?" संयोगिताचा आवाज शेजारच्या दुकानापर्यंत गेला. लेथवरची माणसं काम थांबवून बघायला लागली. "माजी गाडी घाटात भरून चढती हे तुला म्हाईत न्हवतं? तुज्या भावानं ह्याच घाटात आयुष्य काढलं. माजं नाव सांगून तू व्हिडिओ टाकलास. वैनीची गाडी म्हणून. आणि वैनीला इचारलंस का? पारूबाईला इचारलंस का, तुजी बोटं घालू का चाकाखाली?"

विश्वजित म्हणाला, "माजा तसा हेतू न्हवता."

"हेतू काय हुता ते तिला सांग. मला नको."

नागसेननं मध्ये पडून त्याला शिव्या घातल्या नाहीत आणि सोडवलंही नाही. तो म्हणाला, "ताई, भांडण झालं असंल तर कॅम कुठला घालायचा ते ठरवू या का?"

ती रागानं त्याच्याकडंही वळली. "तुमी सांगा की. सगळे सांगत्यात. कोण उंच म्हंतंय, कोण बारीक. मला मापं नकोत. मला एकच सांगा, भरलेली गाडी चढावर थांबली तर परत उठंल का?"

नागसेननं कॅम बाजूला सारला. "आता बरोबर इचारलासा. हळू फिरत्या इंजिनात दम पायजे असंल तर कंपनीनं जसा दिलता तसाच उंचवटा घालायचा. जास्त न्हाय, कमी न्हाय. गाडी उठंल. पळणार मात्र न्हाय."

"पळवायची कुणाला हाय?"

मग त्यानं तीन वाटा मांडल्या. एक, कंपनीचा नवा कॅम. चांगला, पण महाग. तो घेतला तर नवी टॅपेट घ्यायला हात आखडणार. दुसरी, तिचा जुना झिजलेला कॅम वेल्डिंगनं भरून परत मापाला घासायचा. स्वस्त, पण भरलेला थर ओझ्याखाली टिकेल का, याची खात्री नागसेन देईना. तिसरी, इथल्याच फाउंड्रीत ओतलेला नवा कॅम, मूळ मापाचा.

"इथला चालतोय का?" तिनं विचारलं.

"काई चालत्यात, काई लोण्यागत निघत्यात. मी कडकपणा तपासून देतो. पसंत पडला न्हाय तर परत पाठवतो. पण घाई करायची न्हाय, आणि टॅपेट सगळी नवी. म्हागाचा कॅम घालून जुनी टॅपेट ठेवायची, त्यापेक्षा साधा कॅम आणि नवी टॅपेट कवाबी बरी."

"तिसरा," संयोगिता म्हणाली. "टॅपेट सगळी. आणि वाकलेला असंल त्यो व्हॉल्वबी." मग दिराकडं वळली. "पाना धर. नागसेनभाऊ सांगतील तसं करायचं. तोंड उघडायचं न्हाय."

पहिला कॅम नागसेननं परत पाठवला. दोन उंचवटे मऊ निघाले होते. संयोगितानं फाउंड्रीवाल्यालाही फोनवर झापलं. दुसरा पास झाला. विश्वजित रोज एसटीनं मलकापूरहून येत होता आणि नागसेनच्या हाताखाली काम करत होता. व्हॉल्वची फट लावताना त्याचं माप चुकायचं, तेव्हा नागसेन पाना काढून घ्यायचा, फट लावून दाखवायचा आणि पाना परत द्यायचा.

* * *

पारूबाई घरी आल्याचं कळल्यावर संयोगिता आणि विजयसिंह भेटायला गेले. वाटेत विजयसिंहानं सफरचंदं आणि डाळिंबं घेतली. पारूबाई दारात खाटेवर बसली होती, हाताला पांढरं बँडेज. आतल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली नुकतीच विझलेली उदबत्ती.

संयोगितानं खोटं बोलायचं नाही हे ठरवलंच होतं. तिनं सगळं सांगितलं. कॅम कुठला होता, कुणी घातला, का घातला, विश्वजितला कसं झापलं. दवाखान्याचा खर्च, काम बंद असतानाची मजुरी, हे सगळं आपण देणार, हेही सांगितलं.

पारूबाईनं ऐकून घेतलं. फळांच्या पिशवीकडं बघितलंसुद्धा नाही.

"तुज्या दिराचं मला कळलं," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच तूवर आली होती. "तुजं सांग. गाडीला हीव भरलंय म्हणून मी म्हटलं हुतं का न्हाय?"

"व्हय."

"तुलाबी कळत हुतं का न्हाय?"

उत्तराची वाट न बघता पारूबाईच पुढं बोलली.

"कळत हुतं. आठवडाभर कळत हुतं. तरी चिरा भरलास. मला खाली उतरायला लावलंस. रागानं त्याच्या अंगावर गेलीस, चांगलं केलंस. सगळं त्याच्या डोक्यावर घालून मोकळी झालीस. पण वर बसलेली तू हुतीस."

विजयसिंह मध्ये बोलायला गेला. "पारूबाई, चूक झाली. पोर हाय..."

"तुमी गप ऱ्हावा मालक. पोर न्हाय त्यो. त्याला पोरं हाईत." ती परत संयोगिताकडं वळली. "पैसं तर घेणारच. सोडणार न्हाय. पण त्याला आण. भरल्या गाडीमागनं ठोकळा घेऊन चालायला लाव. सगळा घाट. मी वर बसणार, केबिनमधी."

परतताना विजयसिंह म्हणाला, "लै बोलली ती." संयोगिता पुढं चालत राहिली. विश्वजितवरचा राग तिला कळत होता. हा दुसरा राग कुठं घालवायचा, ते कळत नव्हतं.

* * *

गाडी तयार झाली. साखरप्याच्या अंगाला चिरा भरला, तो विश्वजितनं आणि खाणीवरच्या माणसांनी. पारूबाई केबिनमध्ये चढली, दुखरा हात मांडीवर ठेवून बसली. विश्वजित ठोकळा घेऊन मागं उभा राहिला. गॅरेजवाला माणूस, शर्यतीत बक्षिसं घेतलेला. खाणीवरचा मुकादम त्याला बघून हसला आणि संयोगिताचं तोंड बघून कामाला लागला.

घाट चढायला लागल्यावर गाडी हळू झाली. दुसरा, मग पहिला गेअर. इंजिन घुमत होतं, पण लंगडत नव्हतं. आरशात विश्वजित दिसत होता, ठोकळा खांद्यावर, गाडीच्या धुरातून चालणारा. मागनं येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. एका कारवाल्यानं काच खाली करून त्याला काहीतरी विचारलं. त्यानं नुसतं पुढं हात केला.

त्याच वळणावर संयोगितानं गाडी थांबवली. समोर कुणी नव्हतं, तरी थांबवली.

पारूबाईनं तिच्याकडं बघितलं. तिची उजवी मूठ आवळलेली होती. मागनं आवाज आला, "लावला!" ठोकळा बसला होता.

"बाजूला हो!" संयोगिता खिडकीतनं ओरडली. विश्वजित रस्त्याच्या कडेला झाला. तिनं पहिला गेअर टाकला, क्लच हळूहळू सोडला. इंजिन खाली दबलं, पण दबूनही धरून राहिलं. मग गाडी उठली. एक हात, दोन हात, आणि ठोकळा मागं मोकळा पडला. विश्वजितनं तो उचलला आणि पळत गाडीमागं आला.

थोडं पुढं रस्ता जरा सपाट झाल्यावर तो खिडकीशी आला. घामानं आणि धुरानं तोंड काळवंडलं होतं. "वैनी, आता बसू का?"

संयोगितानं काही बोलायच्या आत पारूबाई म्हणाली, "घाट सरला का?"

तो मागं गेला.

घाटमाथ्यावर आंबा गावात गाडी थांबली, तेव्हा विश्वजित खाली मान घालून पारूबाईसमोर उभा राहिला. "मावशी, चुकलं माजं. मला कळायला पायजे हुतं." पारूबाईनं त्याला माफ केलं, असं काही म्हटलं नाही. "चिरा उतरायचा हाय मलकापुरात," एवढंच म्हणाली.

पुढचा सगळा हंगाम विश्वजितनं आठवड्यातनं एक खेप भरली आणि उतरवली. त्याचं गॅरेज चालूच राहिलं, पण संयोगिताची गाडी तिथं परत गेली नाही. घरात दोघं कामापुरतं बोलत. विजयसिंह जेवताना एकदा म्हणाला, "किती दिस धरून ठेवणार हाईस?" ती म्हणाली, "मला म्हाईत न्हाय," आणि ते खरं होतं.

पारूबाई चिरा उचलायला परत आली नाही. गाडीवर मात्र आली, नव्या अटीवर. तिनं इंजिन ऐकल्याशिवाय गाडी भरायची नाही. संयोगितानं ती अट मान्य केली.

पावसाळ्याच्या तोंडाला, खाणी बंद व्हायच्या आधी, सगळ्यांची घाई चालली होती तेव्हा पारूबाईनं एका सकाळी इंजिन ऐकलं आणि मान हलवली. "कायतरी वाजतंय."

"सायलेन्सरची पट्टी ढिली हाय पारूबाई. कॅम न्हाय त्यो." संयोगिता वैतागली. बांधकामावरनं फोनवर फोन येत होते.

"असंल. मला वाजतंय."

संयोगितानं स्टिअरिंगवर हात आपटला. तिला पारूबाईचा राग आला, गवंड्यांचा आला, आभाळाचा आला. मग ती खाली उतरली, पाना घेतला आणि गाडीखाली सरकली. पट्टी ढिलीच निघाली. ती आवळून होईपर्यंत खाणीवरच्या रांगेतला तिचा नंबर गेला होता आणि त्या दिवशीची खेप बुडाली.

तिनं शिव्या घातल्या, पण पारूबाईनं नाही म्हटल्यावर चिरा भरला नाही.